डाळीला चार, भाताला दोन

अन्याय झाला चंद्रकलाबाईंवर. चंद्रकलाबाई म्हणजे माझी माय. कधी झाला, तेही स्पष्ट लिहिते: गेल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी, सकाळी, नैवेद्याचं ताट भरायच्या आधी. कुठं, तर नांदेडात, विष्णुपुरीला, माझ्या सख्ख्या भावाच्या घरात. कुणी केला, तर तिच्यावर जीव असणाऱ्या माणसांनी. पत्रकं लिहून लिहून मला सुरुवात अशीच करता येते. आमच्या बायकांच्या संघटनेत पहिल्यांदा हेच शिकवलं होतं, की कुणाचं काय गेलं ते आधी लिहा, मग बाकीचं. मायचं गेलं स्वयंपाकघर. बाकीचं आता लिहिते.

हे गावाकडं राहिलेल्यांसाठी आहे आणि माझ्यासारखं बोचकं उचलून निघालेल्यांसाठीही. या गोष्टीतून दोघांपैकी कुणीही सुटत नाही.

मी निघाले तो दिवस नीट आठवतो. मुखेडचा स्टँड, बाजाराचा दिवस, लातूरची गाडी खच्चून भरलेली. बी.ए.ला लातूरला नाव घातलं होतं. मांडीवर नवा छोटा कुकर आणि आतली जागा वाया जाऊ नये म्हणून त्यात मायनं भरलेली तुरीची डाळ. आबा, म्हणजे माझे वडील, सामान चढवून बाजूला उभे राहिले. माय मात्र खिडकीचा गज धरून. शहर कसं असतं, कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, यातलं ती काही बोलली नाही. गाडी सुरू झाली तशी ओरडली, "डाळीला चार, भाताला दोन! इसरू नको गं. डाळीला चार!"

सगळी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, भाताला दोन अन् गाडीला बी दोनच," आणि त्यानं घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी हलली. मायनं गज सोडला तेव्हा ती हसत होती की रडत होती, ते धुरळ्यात मला दिसलं नाही.

लातूरला औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत खोली मिळाली. पहिल्याच दिवशी कुकर लावला, चार शिट्ट्या मोजल्या, झाकण काढलं, तर घरचा वास. संध्याकाळी त्या गल्लीत प्रत्येक खोलीतून शिट्ट्या यायच्या. अहमदपूर, निलंगा, देगलूर, कुठून कुठून आलेल्या पोरी आणि प्रत्येकीच्या आईचा आकडा वेगळा. देगलूरची पोरगी डाळीला सहा घ्यायची. यावरून आम्ही खरोखर भांडायचो. पुढं शिक्षण संपलं, छापखान्यात टायपिंगचं काम लागलं, संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहांसाठी पत्रकं काढू लागले. खोली बदलली. कुकर तोच.

आबा गेल्यावर शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं आणि दादानं मायला नांदेडला आणलं. इथं मला एक तक्रार नोंदवायची आहे. आम्ही पोरं गाव सोडतो, त्याला शिकायला गेली, नोकरीला गेली म्हणतात. त्यावर लेख येतात. माझी माय उतारवयात एका पत्र्याच्या पेटीसह गाव, शेजार, ओसरी, विहिरीवरच्या गप्पा, सगळं सोडून तिसऱ्या मजल्यावर आली, तर तिचं काय म्हणतात? 'पोराकडं राहायला गेली.' तिच्या गाव सोडण्यावर मी तरी अजून एक ओळ वाचलेली नाही.

त्या तिसऱ्या मजल्यावर तिला आपलं म्हणता येईल असं एकच होतं, स्वयंपाकघराचा ओटा. दादा कॉलेजात वायरमन, कल्पनावहिनी सकाळच्या शाळेवर शिकवायला. त्यामुळं स्वयंपाक मायकडं होता. तेवढ्यावर तिनं नांदेड आपलंसं केलं होतं.

मग तिचे कान गेले. पूर्ण नाही. डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, टोकदार आवाज आधी जातात. दादाचं जाड बोलणं ऐकू येतं. घंटी, चिमणी, शिट्टी ऐकू येत नाही. त्यामुळं घरात चेष्टा सुरू झाली. "तिच्या कामाचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं." कानाचं यंत्र आणलं, पण त्यात पंखा, मिक्सर, टीव्ही सगळं एकाच जोरानं आदळतं. ती ते पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखं वापरते. कुणी आलं की घालते, गेलं की डबीत.

पोळ्याला मी पहाटेची गाडी धरून लातूरहून आले. जिन्यातच करपलेल्या डाळीचा वास. आत गेले तर माय मोरीत काळाठिक्कर कुकर घासत उभी. झालं होतं असं: पुरणाची हरभरा डाळ लावून ती गॅलरीत मातीच्या बैलांना हळद-कुंकू लावायला गेली. शिट्ट्या सुरू झाल्या. तिला ऐकू आल्या नाहीत. पाणी आटलं, डाळ जळली, झाकणातली सेफ्टीची गोळी वितळली, तेव्हा वास आला.

"तुम्ही कुठं होतात?" मी वहिनीला विचारलं.

"हितंच. टीव्हीपुढं. शिट्ट्या तर होऊनच राहिल्या होत्या, पण आमाला वाटलं माय बघून राहिल्या."

लिहून ठेवा. दिवाणखान्यात दादा, वहिनी आणि वहिनीच्या माहेरची पाहुणे मंडळी होती. सगळ्यांचे कान शाबूत. शिट्ट्या सगळ्यांनी ऐकल्या. उठलं कुणीच नाही. आणि बहिरी ठरली माय.

दादानं तिच्या हातातून कुकर घेतला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, "माय, लई केलंस. आता तू फकस्त बसून खा."

पाहुण्यांना ते फार आवडलं. "नशीब काढलंत बाई," असं कुणीतरी म्हणालंही. पुरण त्या दिवशी विकतचं आलं. येळवणीची आमटी झाली नाही, कारण डाळीचं पाणीच उरलं नव्हतं.

दिवाळीला गेले तेव्हा माय दिवाणखान्यातल्या दिवाणावर बसलेली. धुतलेलं लुगडं, विंचरलेले केस, हात मांडीवर. परक्या घरी लग्नाला आल्यासारखी. थोड्या वेळानं उठली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि वहिनीला विचारलं, "कल्पना, पानी घेऊ का?"

पाणी. स्वतःच्या पोराच्या घरात. वहिनी बिचारी घाबरलीच, "अहो माय, इचारता कामून?" पण माय विचारत होती. बसून खाणारा माणूस विचारूनच घेतो.

त्याच आठवड्यात लातूरला परतल्यावर मी विजेच्या प्रेशर कुकरची चौकशी सुरू केली. शेजारच्या खोलीतल्या नर्स ताईकडं आहे. तिच्याकडं बसून मी तो पूर्ण पाहिला. डाळ, पाणी, मीठ घालायचं, झाकण फिरवायचं, मिनिटं लावायची. शिट्टी नाही. वेळ झाली की आपोआप बंद. पाणी आटून करपायच्या आत थांबतो. फोडणीही त्याच भांड्यात होते. वाईटही लिहिते, नाहीतर ही जाहिरात होईल: भाकरीला त्याचा काही उपयोग नाही. लाईट गेली की गप्प. झाकणाच्या रबराला कालच्या मसाल्याचा वास राहतो. आणि आत काय चाललंय ते मधेच उघडून बघता येत नाही, चमचा घालून डाळ दाबून बघायची सवय असलेल्या बाईला ते जड जातं.

संघटनेतली सविता मला म्हणाली, "धन्य आहे तुझी. पत्रकात लिहितेस बायकांना चुलीपासून सोडवा, आणि स्वतःच्या आईला परत ओट्यापुढं उभी करायला यंत्र शोधतेस?" दादाचंही फोनवर तेच, वेगळ्या शब्दांत. "जनमभर राबली ती. आता आराम नको का तिला? तुला लातूरात बसून काय जातंय सांगायला?"

दोघांचंही म्हणणं वजनदार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की आराम आणि कुकर या दोन्हींवर आम्ही तिघं भांडत होतो आणि चौथीला कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला गॅलरीत तिच्या समोर बसले. तोंड दिसेल असं.

"माय, तुला सैपाक करायचाय का?"

"कामून इचारून राहिलीस?"

"कुणी इचारलंच नाही म्हणून."

तिनं मनगट चोळलं. "भाकरी न्हाई. भाकऱ्या थापून माझी मनगटं गेली. त्या तुझ्या दादाला थापू दे." मग आवाज खाली आणला, म्हणजे तिला वाटलं की खाली आणला, "पर वरण माझं. पोळ्याचं पुरण माझं. कल्पना पोरगी लई गुणाची हाय, पर तिचं वरण म्हंजे हळदीचं पानी."

आतून वहिनी ओरडली, "मला ऐकू येऊन राहिलं हां!"

दोन बोटं कानाला लावून मी मायला खूण केली, तिनं ऐकलंय. माय म्हणाली, "येऊ दे की. तिला कान हायत."

झालं. सविताला आणि दादाला माझं उत्तर मिळालं. भाकरी नको, वरण हवं. इतकं नेमकं मागणं आमच्या एकाही पत्रकात मी अजून लिहिलेलं नाही.

कुकर बघायला दादा, माय आणि मी तिघं बाजारात गेलो. दुकानातला पोरगा माझ्याशीच बोलत होता. मी त्याला सांगितलं, "वापरणार या आहेत, यांच्याकडं बघून बोला." तो बिचारा वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "आजी, शिट्टीचं टेन्शनच नाही. शिट्टी होतच नाही. झालं की बारीक टूं वाजतं."

त्यानं वाजवून दाखवलं. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात मलाही काही ऐकू आलं नाही.

"वाजलं का?" मायनं विचारलं.

"मला नाही कळलं," मी म्हणाले.

"मलाबी न्हाई," दादा म्हणाला.

"चालतंय की," पोरगा म्हणाला, "आवाजाकडं लक्षच द्यायचं नाही. हा आकडा बघायचा." मोबाईलवरचे आकडे मायला येतात. तिनं तो लाल आकडा पाहिला, मग दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"म्हंजे आता घरात समदेच भैरे."

दुकानातला पोरगा हसला. दादा लगेच हसला नाही. मान खाली घालून त्या डब्याची वायर हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ह्याला मोठी पिन हाय. ओट्यावर मोठ्या पिनचा पॉईंट न्हाई आपल्याकडं." मला वाटलं, संपलं, आता हे कारण सांगणार. तो पुढं म्हणाला, "काढावा लागंल," आणि छोट्या कुकरकडं बोट दाखवलं. "ह्यो बास होईल ना माय? तुझ्या वरणापुरता?"

"मोठा घे," माय म्हणाली. "पोळ्याला लागंल."

दादानं माफी मागितली नाही. त्यानं भिंत फोडली. पुढच्या सुट्टीला छिन्नी-हातोडा घेऊन ओट्याच्या त्या टोकाला पॉईंट काढला, जिथं स्टुलावर बसून मायला आकडा दिसतो आणि गॅलरीतून आत पाहिलं तरी दिसतो. त्या जागेवर मीठ-मसाल्याचा स्टँड होता. तो वहिनीनं आपण होऊन हलवला.

पुढचं सोपं गेलं असं समजू नका. चार शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी डाळ दाताखाली आली, दुसऱ्या दिवशी खळ झाली. दादा दोन्ही दिवस मुकाट जेवला. एकदा मधेच लाईट गेली तर माय म्हणाली, "गॅस कुठं पळाला का?" आणि सगळं पातेल्यात ओतलं. आता तिचा हात बसलाय. पाणी विचारून घेत नाही. उलट वहिनी शाळेतून आली की हीच विचारते, "घेतीस का गं वाटीभर, आत्ताच झालंय."

परवा मी लातूरहून व्हिडिओवर विचारलं, "माय, मसुराच्या डाळीला किती शिट्ट्या?" ती माझ्या तोंडाकडं बघत होती. हात हलवून म्हणाली, "शिट्ट्यांचं मला नको इचारू आता. मी मिनिटावर आले. तुझं तू बघ."

फोन ठेवल्यावर मी माझा तोच जुना कुकर लावला. मुखेडच्या घराला कुलूप आहे. नांदेडच्या घरात शिट्टी होत नाही. डाळीला चार, भाताला दोन, हा तिनं खिडकीतून फेकलेला हिशोब आता फक्त माझ्या या खोलीत वाजतो. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर इतके दिवस मी न चुकता मुखेड सांगायचे. अजूनही सांगते. पण चौथी शिट्टी झाली की वाटतं, थोडं घर इथं आलंय, थोडं त्या लाल आकड्यापाशी गेलंय, आणि माय ज्या ठिकाणी न विचारता पाणी घेते ते ठिकाण मला घर म्हणून पुरतं.

या पोळ्याचं पुरण माय शिजवणार आहे. येळवणीसुद्धा.

आता मागणी. कुकर घ्या असं मी म्हणत नाही. तुमच्याकडं लाईटचा भरवसा नसेल, भाकरीवरच घर चालत असेल, तर तो डबा माळ्यावर जाईल. घ्यायचा की नाही ते ज्या हातचं वरण तुम्ही खाता त्या माणसाला ठरवू द्या. माझी मागणी त्याच्या आधीची आहे. घरातल्या थकलेल्या माणसाला 'बसून खा' म्हणणं आजपासून बंद करा. टीव्ही बंद करा. लांब असाल तर व्हिडिओ लावा. तिच्या समोर बसा, तोंड दिसेल असं बसा, आणि विचारा, "माय, तुला काय करायचंय?"

आणि ती उत्तर देईपर्यंत उठू नका.