मिरची आपली नाही म्हणणारी जाऊ

मी सावली गावात सून म्हणून येऊन रुळले होते, तेव्हा धाकटी जाऊ घरात आली. चांदा शहरातली, सातवी पास. त्या काळी, म्हणजे स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, आमच्याकडे एवढी शिकलेली सून नवलाचीच. तोवर माझ्या हातच्या कालवणाचं घरात कौतुक असायचं. एकदा आम्ही बाया जेवायला बसलो, तर ती म्हणाली, "मिरची आपली नाई. समुद्रापलीकडून जहाजातून आली ते."

सासूचा घास हातातच राहिला. "मंग पह्यले लोकं तिखटाले काय खात होते?"

"मिरे."

"म्हंजे जुने राजे बिनमिरचीचंच जेवले!" सासू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्या दिवशी कालवणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मग हे रोजचंच झालं. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला बांधीत उतरलो की बाया तिच्या शेजारची जागा धरायच्या. ती सांगायची, जिराफाच्या मानेत माणसाइतकीच सात हाडं, फुलपाखरू पायानं चव घेतं.

"मंग चिखलात त्याले कसं लागत असन?" कोणीतरी विचारलं आणि अख्खी बांधी हसली. मी खाली मान घालून रोपं खुपसत राहिले. घरी नवरा मलाच विचारू लागला, "तुले माहीत आहे का, जिराफाले हाडं किती?" माझा नुसता जळफळाट झाला.

उन्हाळ्यात तळं आटलं. आमचं घर मासे धरणारं. मरळ मासळी चिखलात स्वतःला पुरून घेऊन जिवंत राहते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, फक्त तिला नव्हतं. मी मुद्दाम तिला तळ्यात नेलं.

"इथी खोद."

मरळ उसळली तशी ती किंचाळून चिखलात बसली. "बाई, पाण्याबिगर हे जित्ती कशी?"

"वरची हवा घेते," मी मास्तरासारखं सांगितलं. त्या दिवशी भाकरी थापताना मी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले, तर बाया तिच्याभोवती जमलेल्या. आमचीच मरळ ती आम्हालाच सांगत होती! वरून म्हणाली, "आफ्रिकेत असाच एक मासा आहे. चिखलाचं घर करून त्यात महिनोन्‌महिने निजते."

"अगं माय!"

तेवढ्यात तिनं मला पाहिलं. "मरळ या माह्या जाऊबाईनंच दाखवली मले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तोच एकीनं तिला विचारलं, "आफ्रिका कुठी आहे वं?" आणि सगळी तोंडं पुन्हा तिच्याकडे वळली.

आफ्रिका कुठे आहे ते मलाही ऐकायचं होतं. मी दोर अगदी सावकाश विहिरीत सोडत राहिले.