तांदळात लिहिलेलं नाव

ती घटना आजही आठवते, ती माझ्या स्वतःच्या चुकीमुळे. नाहीतर प्रकरण तसं लहान होतं. कोणाला खरचटलंही नव्हतं.

माझा जन्म सिंगापूरचा. वडील इथे कारकून म्हणून आले आणि इथेच राहिले. मी पोलिसांत गेलो आणि नोकरीची शेवटची काही वर्षं माझ्याकडे शस्त्रपरवान्यांच्या अर्जांची चौकशी होती. इथे खेळाचं छऱ्याचं पिस्तूलसुद्धा परवान्याशिवाय विकत घेता येत नाही. क्लब शिफारस करतो, पोलीस पार्श्वभूमी तपासतात आणि परवाना मिळाला तरी पिस्तूल क्लबच्याच कुलपात राहतं. बहुतेक अर्जदार सरळ माणसं असतात. काम डाळ निवडण्यासारखं, खडा क्वचित निघतो, पण नजर ढळू देऊन चालत नाही.

अर्ज एका मराठी बाईंचा होता. वय चाळिशीतलं, मूळच्या पुण्याच्या, एका बँकेत ऑडिटचं काम, पीआर म्हणजे इथे कायम राहण्याचा हक्क मिळालेला. घटस्फोट झालेला होता. सेंगकांग भागातल्या एका फ्लॅटमध्ये शाळकरी मुलीला घेऊन राहायच्या. चार वर्षं क्लबच्या पिस्तुलावर सराव केला होता आणि आता स्वतःचं घ्यायचं होतं. पासपोर्ट, पदवी, जन्मदाखला, सगळीकडे एकच नाव. कागद इतके नीटनेटके होते की मी दहा मिनिटांत शेरा मारणार होतो.

त्याच आठवड्यात ऑफिसात एक निनावी फोन आला. माणूस सफाईदार इंग्रजी बोलत होता, पण उच्चार अस्सल मराठी. तो म्हणाला, या बाईंना आणखी एक नाव आहे. ते नाव त्यानं सांगितलं, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्याचं नाव दिलं आणि तिथे चौकशी करा, तिनं बंदूक चोरली आहे, असं सांगून फोन ठेवला. असे फोन करणाऱ्यांना न्यायाची चाड असते असं मी कधी पाहिलं नाही. पण म्हणून ते खोटंच बोलतात असंही नाही.

आम्ही रीतसर मार्गानं भारताकडे विचारणा केली. उत्तराला दोन महिने लागले. त्या दुसऱ्या नावावर खरोखरच एक तक्रार निघाली: सून घरातली परवान्याची बाराबोअर बंदूक घेऊन पळून गेली. तक्रारदार सासरा. छायाचित्र नव्हतं, पण नवऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख बाईंच्या घटस्फोटाच्या कागदांशी जुळत होती.

परवाना नाकारला गेला. नाकारण्याचं कारण अर्जदाराला कळवत नाहीत. पण गोष्ट तिथे थांबत नव्हती. अर्जात ‘पूर्वीची किंवा अन्य नावे’ या रकान्यात बाईंनी ‘नाही’ लिहून खाली सही केली होती. शस्त्राच्या अर्जात खोटी माहिती देणं हा इथे गुन्हा आहे. तो सिद्ध झाला असता तर खटला, नोकरी जाणं आणि बहुधा पीआरवरही गदा आली असती. मुलीची शाळा, घर, सगळं उठवावं लागलं असतं. माझा चिनी सहकारी फाइल चाळून इथल्या लकबीत म्हणाला, “दोन नावं म्हणजे काहीतरी लपवायचंच असतं, लाह.” मी मान डोलावली.

पहिला जबाब मी इंग्रजीत घेतला. हातातली पानं आधीच उघडी करायची नाहीत हा आमचा नियम, म्हणून दुसरं नाव मी उच्चारलंच नाही. फक्त विचारलं, आणखी कुठल्या नावानं आपण ओळखल्या जात होता का? त्या नाही म्हणाल्या. मी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. तिन्ही वेळा शांतपणे तेच उत्तर. प्रत्येक पानावर सही करून त्या गेल्या. खोटं बोलणारा माणूस साधारणपणे जास्त बोलतो. या बाई कमी बोलल्या. ते मला खटकलं, पण मी त्याचा अर्थ ‘निर्ढावलेली’ असा लावला.

त्यानंतर एका सकाळी रजा टाकून मी आईला यिशुनच्या सरकारी दवाखान्यात, पॉलिक्लिनिकमध्ये, घेऊन गेलो होतो. नर्सनं तिला नावानं हाक मारली. आई ढिम्म बसून राहिली. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी तिला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, “अगं बाई, मलाच होय! या नावाची मला अजून सवय नाही बघ.” पासपोर्टवरचं तिचं नाव आजीनं लग्नात ठेवलेलं. माहेरचं वेगळं. लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्याच घरात दोन नावांची बाई होती आणि मी दोन महिने एका गुन्हेगाराचं टोपणनाव शोधत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या जबाबाला मी वरिष्ठांना विचारून एक प्रश्न मराठीत विचारला आणि तशी नोंदही केली.

“लग्नात तांदळात तुमचं कुठलं नाव लिहिलं होतं?”

बाईंनी ते नाव सांगितलं. फोनवरच्या माणसानं दिलेलंच.

“ते अर्जात का लिहिलं नाहीत?”

“ते त्यांनी मला ठेवलं होतं, सर. मी ते कधी घेतलं नाही.”

पुढचं त्या न विचारता बोलल्या. नवरा चिडला की वडिलांची बंदूक भरून जेवताना ताटाशेजारी ठेवायचा. बोलायचा काही नाही, जेवायचा. मुलगी तेव्हा रांगत होती. एका दुपारी घरचे सगळे लग्नाला गेले असताना यांनी बंदूक गोधडीत गुंडाळली, मुलीला कडेवर घेतलं आणि रिक्षानं पोलीस ठाण्यात जाऊन बंदूक जमा केली. तिथूनच पुण्याची बस धरली. सासऱ्यानं तक्रार केल्याचं त्यांना त्या दिवशी, माझ्याकडून कळलं. मग नेमबाजी कशासाठी, असं मी विचारलं. त्या वस्तूची भीती घालवायची होती, म्हणाल्या.

जबाबावर विश्वास ठेवून चालत नाही, कागद लागतो. मी पुन्हा विचारणा पाठवली, या वेळी माहेरच्या नावानं. ठाण्याच्या दैनंदिनीत त्याच दिवशीची नोंद सापडली: अमुक नावाच्या महिलेनं एक बाराबोअर बंदूक आणून जमा केली. बंदुकीचा क्रमांक तक्रारीतल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. तक्रार एका नावानं, नोंद दुसऱ्या नावानं, आणि दोन्ही कागद एकाच इमारतीत इतकी वर्षं एकमेकांना न भेटता पडून होते. फोन करणारा त्या नवऱ्याचा चुलतभाऊ निघाला. इथेच आयटीत होता. मराठी मंडळींच्या ग्रुपवर क्लबच्या स्पर्धेतला बाईंचा फोटो पाहून त्याला पोटशूळ उठला होता.

खोट्या माहितीची चौकशी बंद झाली. बाईंना बोलावून मी ते सांगितलं, तेव्हा त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. मलाही बरं वाटलं. उत्साहाच्या भरात मी म्हणालो, आता नव्यानं अर्ज करा, अडचण येणार नाही, फक्त त्या रकान्यात ते दुसरं नाव लिहावं लागेल.

“परवान्यावरही ते छापून येईल?”

मी हो म्हणालो. नियमच तसा होता. तुमच्या नावापुढे ‘उर्फ’ लिहून.

“मग राहू दे, सर. क्लबचं पिस्तूल चांगलं आहे.”

त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही. नकार दप्तरी तसाच राहिला.

तीस वर्षं मी समोरच्या माणसाला पहिला प्रश्न नावाचा विचारला. तो मला सगळ्यात सोपा प्रश्न वाटायचा, पुढच्या अवघड प्रश्नांआधी माणसाला सैल करणारा. या प्रकरणानंतर तो विचारताना मी थोडा थांबू लागलो. नियमाप्रमाणे बाईंनी अर्जात चूक केली होती आणि परवाना नाकारणं योग्यच होतं, हे मी आजही म्हणेन. पण पहिल्या जबाबाच्या वेळी मी त्यांना तीनदा विचारलं होतं आणि तीनही वेळा त्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं.