पाक मार्सुदींची बस आणि सारादानची झाडं

लॅपटॉपवर बसण्याआधी पाक मार्सुदी, म्हणजे मार्सुदीकाका, त्याच्याभोवती एक फेरी मारतात. टेबल भिंतीला लागून असल्यामुळे फेरी अर्धीच होते. पंख्याच्या जाळीत धूळ नाही ना, चार्जरची वायर घट्ट बसली आहे ना, हवा जावी म्हणून खाली ठेवलेले फरशीचे दोन तुकडे सरकले नाहीत ना, एवढं बघून मगच ते खुर्चीत बसतात. आमच्या जावा बेटावर सुराबाया ते योग्याकार्ता या मार्गावर त्यांनी तीसेक वर्षं बस चालवली. निघण्यापूर्वी प्रत्येक टायरला लाथ मारून बघायची त्यांची सवय होती. लॅपटॉपला ते टिचकी मारतात.

मी याच मार्गावरच्या मादियुनच्या साखर कारखान्यात हिशेब खात्यात आहे आणि माझं घर त्यांच्या शेजारी आहे. पुढच्या वर्षी मलाही घरी बसायचं असल्यामुळे निवृत्त माणूस दिवसभर काय करतो याकडे माझं जरा जास्तच लक्ष असतं.

पाक मार्सुदींची निवृत्ती नीट झाली नाही. खोकला झाला म्हणून ते आठवडाभर रजेवर गेले, आणि रजेतच वयाची मर्यादा पुरी झाल्याचं कंपनीच्या लक्षात आलं. बस दुसऱ्याला दिली गेली. म्हणजे त्यांची शेवटची फेरी ती शेवटची आहे हे ठाऊक नसतानाच होऊन गेली. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त बाहेर रस्त्यावरून एखादी बस गेली की बोलता बोलता ते थांबायचे आणि ती कुठल्या गिअरमध्ये आहे ते सांगायचे.

मग त्यांच्या मुलीने आपला जुना लॅपटॉप घरी आणून ठेवला आणि त्यात बस चालवायचा खेळ टाकून दिला. आपल्याकडे हा खेळ खेळणारी मुलं भरपूर आहेत. त्यांनी जावाचे खरे रस्ते, खरी टर्मिनलं आणि खऱ्या कंपन्यांच्या रंगातल्या बस खेळात बनवून घातल्या आहेत. पाक मार्सुदींची निळी-पांढरी बससुद्धा त्यात होती. एवढंच नाही, तर या मुलांनी 'लिंतांग तिमुर' नावाची एक बस कंपनीही काढली आहे. कंपनीकडे खरी बस एकही नाही. नियम मात्र चाळीस पानी आहेत. दर रविवारी दुपारी दहा ड्रायव्हर आपापल्या घरी बसून एका रांगेत सुराबायाहून योग्याकार्ताला निघतात. त्या ताफ्यात एक जागा रिकामी झाली आणि पाक मार्सुदींनी अर्ज केला. निळ्या-पांढऱ्या बसवर, त्याच रस्त्यावर. याहून जास्त त्यांना काही नको होतं. जागा मिळण्यापूर्वी एका रविवारी ताफ्याबरोबर चाचणी होती.

ताफ्याचा प्रमुख गालिह नावाचा तरुण होता, केदिरीला मोबाइलच्या दुकानात काम करणारा. कानाला लावायच्या हेडफोनवरून तो बोलायचा, पण पाक मार्सुदींना कान झाकून गाडी चालवणं मान्य नव्हतं, म्हणून त्याचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच सगळ्या घराला ऐकू यायचा.

"पाक, तुमच्या लॅपटॉपचं वय काय?"

"मुलगी कॉलेजात होती तेव्हाचा आहे."

"तो पत्रं टाइप करायचा आहे, पाक. त्याच्यावर बस म्हणजे सायकलरिक्षाला ट्रॉली."

"ट्रॉली ओढणारे पण बघितलेत मी."

पडद्यावर जे हलताना दिसतं ती खरं तर एकामागून एक काढलेली चित्रं असतात. सेकंदाला तीस तरी निघाली तर रस्ता सरळ वाहतो. कमी निघाली की अडखळतो, हात चुकतो, आणि मागची बस येऊन आदळते. पाक मार्सुदींचा लॅपटॉप सुरुवातीला तीस काढायचा. अर्ध्या तासाने तापला की स्वतःला जपायला वेग कमी करायचा आणि अठरावर यायचा. पातळ अंगाचा, त्यात आमच्याकडची मे महिन्याची हवा. शिवाय त्यांच्या घराचं वीजमीटर लहान. लॅपटॉप जोरात चालू असताना विजेवरचा भाताचा कुकर किंवा इस्त्री लागली की मीटरचा खटका पडतो, वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर जातो, आणि बॅटरीवर तो अठरासुद्धा काढत नाही.

मुलांमध्ये 'सगळं उजवीकडे' असं म्हणायची पद्धत आहे. सेटिंगच्या पानावर प्रत्येक गोष्टीची एक घुंडी असते. उजवीकडे ओढली की चित्र सुंदर होतं, डावीकडे ओढली की वेग वाढतो. ज्याचा लॅपटॉप भारी, त्याचं सगळं उजवीकडे. पाक मार्सुदींनी मला बोलावून घेतलं, कारण त्यांच्या मते हे हिशेबाचं काम होतं. त्यांचं खरं होतं. मिळकत ठरलेली, आता कुठे कापायचं ते बघायचं.

"ढग?" मी विचारलं.

"काढा. ड्रायव्हरने वर बघायचं नसतं."

"सावल्या?"

"सावलीला धडकून कोणी मेलेलं नाही."

"रस्त्याकडेची माणसं?"

"काढा. तशीही ती न बघता रस्त्यात येतात."

"प्रवासी?"

हे त्यांना जरा जड गेलं. "बसमध्ये?"

"बसमध्ये."

"काढा. पण तिकिटं फाडल्याचं समजायचं."

चित्रं सेकंदाला सत्तावीस झाली. मी खाली सरकलो. "झाडं."

"किती आहेत?"

"सगळीच."

"थोडी ठेवता येतील?"

थोडी ठेवून बघितली. अठ्ठावीसच्या पुढे जाईना. झाडं गेली. शेवटी उरले आरसे. आरसा म्हणजे तोच रस्ता लॅपटॉपला दुसऱ्यांदा काढायला लावणं. दोन आरसे असले तर तिसऱ्यांदा. कापण्यासारखं मोठं खातं तेच होतं. पाक मार्सुदींनी माऊस माझ्या हातातून काढून घेतला.

"आरशाशिवाय बस चालवणारा ड्रायव्हर नव्हे," ते म्हणाले. "तो पळून चाललेला माणूस."

गालिहने स्पीकरमधून सांगितलं, "पाक, आमच्यात आरसे कोणीच ठेवत नाही. मागे आपलाच माणूस असतो."

"म्हणूनच बघावं लागतं."

बऱ्याच वादानंतर उजवा आरसा लहान करून ठेवायचा आणि डावा बंद करायचा असं ठरलं. बत्तीस चित्रं मिळाली. पण डावी बाजू आंधळी झाली. खऱ्या बसमध्ये डाव्या दाराशी केर्नेट, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, लोंबकळत असतो. तो बसच्या अंगावर थाप मारून ओरडतो, डावी मोकळी, जाऊ द्या. खेळात केर्नेट नाही. डावीकडे मान वळवून बघायचं एक बटण मात्र आहे.

"कोणतं बटण?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

बू वार्तिनी, म्हणजे वार्तिनीकाकू, त्यांच्या पत्नी, हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याने तीस वर्षं बस चालवली, पण त्या बसमध्ये त्या कधी बसल्या नव्हत्या. बाजाराचा चौक ओलांडला की त्यांना बस लागते. पाक मार्सुदींनी बटण दाखवलं. त्या स्टूल ओढून डाव्या बाजूला बसल्या.

पहिल्याच सरावात त्यांनी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. पडदा डावीकडे वळून राहिला आणि पुढे काय आहे ते कोणालाच दिसेना.

"सोड ना."

"बघतेय."

"काय बघतेस?"

"तुमचा रस्ता. यात काहीच नाही की हो, पाक. एक झाड नाही, एक माणूस नाही. तीस वर्षं हे बघत होतात?"

"झाडं आहेत. बंद केलीत."

"अस्सं," बू वार्तिनी म्हणाल्या, आणि बटण सोडलं. बस तोवर एका चहाच्या टपरीत गेली होती.

पुढच्या दिवसांत त्यांचा हात बसला. बटण क्षणभर दाबायचं, "डावी मोकळी" म्हणायचं, सोडायचं. बसचा रस्ता बघूनही त्यांना मळमळ होत नव्हती, हे बहुधा काही दिसत नसल्यामुळे असावं.

चाचणीच्या रविवारी भात आधीच शिजवून कुकरचा प्लग काढून ठेवला होता. इस्त्रीला बंदी होती. पाक मार्सुदींनी कंपनीचा जुना शर्ट घातला होता. नियम त्यांनी मला वाचून दाखवला: ताफ्याच्या नजरेआड गेलेला उमेदवार नापास.

सुराबायाहून बस निघाली ती तेलावरून सरकल्यासारखी. मोजोकर्तोच्या अलीकडे ताफ्यातल्या कोणीतरी विचारलं, "हा बाईचा आवाज कुणाचा येतोय?"

"माझा केर्नेट," पाक मार्सुदी म्हणाले.

"गालिह, हे नियमात बसतं का?"

गालिहने नियम पुन्हा चाळले. "बसत नाही असं कुठे लिहिलेलं नाही."

"बू, माझी पण डावी बाजू बघा ना," ताफ्यातला आणखी एकजण म्हणाला.

"बायकोला सांग."

"बायको नाही मला."

"मग सावकाश चालव," बू वार्तिनी म्हणाल्या. "डावी मोकळी, पाक."

नगांजुकच्या पुढे, सारादानच्या तोंडाशी, ताफा चहासाठी थांबला. म्हणजे बस उभ्या राहिल्या आणि नऊ घरांत नऊ माणसं चहा करायला उठली. पाक मार्सुदी उठले नाहीत. त्या दिवशी चूक एकही झालेली नव्हती आणि पुढचा रस्ता त्यांना झोपेतही आला असता.

"सारादान हेच का?" बू वार्तिनींनी विचारलं.

"हेच."

"तुम्ही म्हणायचात, सारादानचं सागाचं जंगल लागलं की घर आलं असं वाटतं."

पडद्यावर तपकिरी सपाट जमीन होती आणि विजेचे खांब होते. पाक मार्सुदींनी थोडा वेळ तिकडे बघितलं. मग सेटिंगचं पान उघडलं आणि झाडांची घुंडी उजवीकडे ओढली. मग सावल्यांची. मग ढगांची. पडदा काळा झाला, लॅपटॉपचा पंखा वाफेच्या इंजिनासारखा ओरडायला लागला, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग उभे राहिले. उंच, सरळ, पार आतपर्यंत. खालच्या मातीवर उन्हाचे तुकडे पडले होते. चित्रं सेकंदाला नऊ निघत होती, पण उभ्या बसला नऊ पुष्कळ होतात.

बू वार्तिनींनी डावीकडचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. कोणी त्यांना सोड म्हटलं नाही.

"चला," गालिहचा आवाज आला. "सगळे तयार?"

बस एकेक करून हलायला लागल्या. मी म्हटलं, "पाक, झाडं काढा आता."

पाक मार्सुदींनी माऊसवर हात ठेवला, बायकोकडे बघितलं, आणि हात परत स्टिअरिंगच्या बटणांवर आणला. "सारादान संपेपर्यंत असू देत," ते म्हणाले.

"जागा जाईल."

"जाईल."

निळी-पांढरी बस निघाली. ती एका झाडापाशी असायची, आणि मग एकदम पुढच्या झाडापाशी. मधलं काही दिसत नव्हतं. ताफ्यातल्या शेवटच्या बसचा दिवा लहान होत होत वळणाआड गेला.

"पाक, तुम्ही दिसत नाही," गालिह म्हणाला.

"मी आहे."

"कुठे आहात?"

"सारादानला."

"झाडं चालू आहेत का?"

"आहेत."

"नापास धरावं लागेल, पाक. नियमच आहे."

"बरोबर आहे. धरा."

गालिहने निरोपाचं काहीतरी म्हटलं आणि स्पीकर गप्प झाला. बू वार्तिनी अजून डावीकडे बघत होत्या. "पानं का हलत नाहीत?"

"त्याची घुंडी वेगळी आहे."

"मग ओढा ना."

"ओढली तर बस हलणार नाही."

त्यांनी विचार केला. "मग बसच हलू दे," त्या म्हणाल्या.

ताफा योग्याकार्ताला पोचून पांगला असेल, तेव्हा कुठे निळी-पांढरी बस मादियुनच्या चौकात आली. बाहेरही संध्याकाळ व्हायला लागली होती.

"इथे उतरते मी," बू वार्तिनी म्हणाल्या. "भात गरम करायचाय."

पाक मार्सुदींनी बस बाजूला घेतली, नीट उभी केली, आणि दार उघडायचं बटण दाबलं. त्या स्टुलावरून उठल्या. त्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्यांनी दार उघडं ठेवलं, मग लावलं.

आत कुकरचा प्लग लागला आणि मीटरचा खटका पडला. दिवे गेले, छताचा पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर गेला. पडद्यावर चित्रं सेकंदाला चार निघायला लागली. योग्याकार्ता अजून बरंच लांब होतं. पाक मार्सुदींनी इंडिकेटर दिला.

"डावी?" त्यांनी अंधारात विचारलं.

"मोकळी," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.