मागचं फाटक

सिंधुबाईला कुणी मायेनं हाक मारल्याचं गोदामात कुणालाच आठवत नाही. नंदुरबारला हेमकांत शेठच्या गोदामात चाळीस बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडत. संध्याकाळी सुटताना मुकादमीण सिंधुबाई पुढच्या दारात उभी राहून एकेकीची झडती घ्यायची. पदर झटकायला लावायची, कंबर चाचपायची. सख्खी सून आशा, तिलाही सूट नाही. संक्रांतीला म्हाताऱ्या कालीबाईच्या ओच्यात मूठभर मिरच्या निघाल्या, तर सिंधुबाईनं त्या सगळ्यांसमोर मातीत सांडल्या आणि तिच्याकडूनच वेचून घेतल्या. आपण मालकाचं मीठ खातो, असं ती ताठ मानेनं सांगायची.

गोदामाला मागं एक लोखंडी फाटक होतं. त्याला बारमाही कुलूप आणि आतून पोत्यांची थप्पी. दोन दारं ठेवली की चोरी दुप्पट, हा शेठचा हिशेब, आणि सिंधुबाईलाही तो पटलेला.

मग होळीनंतर गावाबाहेरच्या एका गोदामात मिरची पेटली. आग टीचभर होती, पण मिरचीचा धूर माणसाला श्वास घेऊ देतो होय? दोन बाया दारापर्यंत पोचल्याच नाहीत. तेव्हापासून सिंधुबाईची नजर सारखी त्या मागच्या फाटकाकडे जायची. आशा अगदी मागं, त्या थप्पीखाली बसायची, आणि तिला सातवा महिना होता.

सिंधुबाई तीनदा शेठकडे गेली. "शेठ, मांगलं फाटक मोकळं करा."

"तू झडती ले. फाटकनी फिकीर मी करसू," शेठ म्हणाला. तिसऱ्यांदा तर त्यानं मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मेल्याला माणसापेक्षा मिरची प्यारी.

पुढं सरकारी हुकूम आला: प्रत्येक गोदामात आगीची रंगीत तालीम घ्या. देखल्या देवा दंडवत! त्या सकाळी थप्पी हलली, कुलूप निघालं, भिंतीवर हिरवा बाण रंगला, वाळूच्या लाल बादल्या टांगल्या गेल्या. साहेब आले, हातात घड्याळ घेऊन उभे राहिले आणि भोंगा वाजला.

चाळीस बाया उठल्या. उघड्या फाटकाकडे पाठ करून पुढच्या दाराशी आल्या, सिंधुबाईसमोर रांग लावली आणि एकेक जण पदर झटकू लागली. फाटकापाशीच बसलेली आशासुद्धा त्यात होती.

"अहो, पळा ना!" साहेब ओरडले. "हे काय चाललंय?"

"अडाणी आहेत, साहेब," शेठ हसला. "यांना डोकं कुठलं!"

सिंधुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठचा संताप आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. ही रांग तिनंच लावली होती, सात वर्षं, रोज.

"अडाणी नही शेतस त्या!" ती साहेबांसमोर गेली. "ते फाटक आज उघडं. वरीसभर तठे कुलूप ऱ्हास, वर पोतासनी थप्पी. चावी शेठकडे शे."

शेठचा चेहरा क्षणभर उतरला, मग सावरला. "साहेब, या बाईचं नि माझं जरा वाकडं आहे. त्या बायांनाच विचारा की."

साहेब रांगेकडे वळले. "फाटक रोज बंद असतं का?"

आशा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. सिंधुबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत होती, जन्मात कधी कुणापुढं पसरला नव्हता तो हात आता पसरल्यासारखी.

शेवटी कालीबाईनं पदर पुन्हा एकदा झटकला, चांगला आवाज येईल असा.

"आम्ही चोर शेतस, साहेब," ती म्हणाली. "चोरसले काय इचारी ऱ्हायनात?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. साहेबांनी कागदावर खूण केली, सही केली, चहा घेतला.

त्यांची जीप रस्त्याला लागेस्तोवर हमालांनी थप्पी परत लावली होती. शेठनं स्वतःच्या हातानं कुलूप घातलं, आणि आशा पोट सांभाळत त्याच जागी देठ खुडायला बसली.