फोटोमामांनी राजूरला आणलेली गाडी

फोटोमामा रेल्वेच्या इंजिनालासुद्धा "मान वर!" म्हणत. सगळी हयात राजूरच्या आसपास लग्नांचे फोटो काढण्यात गेलेली. त्यांच्या कॅमेऱ्यापुढे जे उभं राहील ते नवरदेवच!

आमच्या अकोले तालुक्यात रेल्वे नाही. धरणं आमच्या उशाशी, पाणी दुसऱ्यांच्या शेतात. आणि रेल्वे मागितली की म्हणे डोंगर आडवा येतो! म्हणून आम्ही पोरांनी मागणीचं पत्रक काढायचं ठरवलं. त्यावर गाडीचा झकास फोटो हवा होता. कोकणात गावची सहल निघाली तेव्हा ते काम मामांकडे दिलं आणि लक्ष ठेवायला मीही गेलो.

समुद्राकाठच्या त्या गावी सगळे वाळूत पळाले, मामा स्टेशनावरच. मामी कडाडल्या, "अवो, समुद्र तरी बघा!"

"समुद्र कुठं पळून जातोय? गाडी जाईल."

गाडी आली आणि मामा फलाटावरून ओरडू लागले, "मागचे डबे, जरा फुडं सरका! खिडकीतल्या मावशी, पदर नीट करा!" गाडी सुटली तेव्हा म्हणाले, "आरं थांबा, डोळं मिटलं कुनीतरी!"

फोटो त्यांनी परस्पर छापखान्यात दिला. पत्रक हातात आलं. वर मथळा 'आम्हाला रेल्वे कधी?' आणि खाली गाडी थेट राजूरच्या बाजारात उभी! फोटोला फोटो जोडून नवरा-नवरीला अल्बमात काश्मीरला पोचवायची मामांची सवय. डब्यांमागे नारळाची झाडं, पुढे भाजीवाल्या.

"मामा, मागणी आहे ही! आलेली कशी दाखवता?"

"पुढारी, लगीन जमत नसलं की मी दोघांचा फोटो जोडून दाखवतो. जोडा बरा दिसला की मानसं व्हय म्हंत्यात."

मी संतापून पत्रकं परत मागवायला निघालो. तोवर ती वाटून झाली होती.

रेल्वेसाठीच्या पुढच्या सभेला नेहमीची आम्ही चार टाळकीच असणार असं वाटलं होतं. मैदान भरलं. एक आजी तर बोचकं घेऊनच आली. माझं भाषण तोडून तिने पत्रक नाचवलं, "ते ऱ्हाऊ दे बाबा. ही गाडी कवा येनार, तेवढं सांग!"

मामा गेल्या वर्षी गेले. गाडी अजून आलेली नाही. लोकांनी त्या पत्रकातला माझा मजकूर कापून टाकला. फोटो मात्र घरोघरी भिंतीवर आहे.

उद्याच्या मोर्चाचं पत्रक आत्ताच छापायला दिलं. मजकूर निम्मा केला. फोटो तोच. छापखानेवाला म्हणाला, "नारळाची झाडं काढू?"

म्हटलं, "हात लावू नका."