दुसरा ए

मोताळ्याच्या तहसील कचेरीसमोर टिनाच्या टपरीत बसणारे माणिकराव तायडे हल्ली इंग्रजीतला कागद करायचा म्हटलं, की गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "माणूस एक हाये का दोन?" समोर एकटाच माणूस उभा असतो, त्याला हसू येतं. माणिकरावांना येत नाही. गेल्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारपासून त्यांना ही सवय लागली. त्याआधी छत्तीस वर्षं त्यांनी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता.

दहावी झाल्यावर माणिकराव मलकापूरला टायपिंग शिकले. तिथल्या मास्तरांनी इंग्रजी शिकवलं ते बोटांना. डोक्याशी त्याचा फारसा संबंध आला नाही. मास्तरांचा एक नियम मात्र पक्का होता. नाम दिसलं की त्याच्याआधी ए. ए नसलेलं नाम म्हणजे टोपी न घालता लग्नाला आलेला पाहुणा, असं ते म्हणत. माणिकरावांनी तो नियम जन्मभर पाळला. वकिलाच्या, हेडमास्तरांच्या, डॉक्टरच्या कच्च्या कागदात कुठे ए राहून गेलेला दिसला की ते लाल बॉलपेनने घालून घेत आणि मग टाइप करत. विचारायला जात नसत. "मोठ्या लोकाइले घाई असते," ते म्हणत, "आपणच पाहून घ्या लागते." माणिकरावांचा कागद कुठूनही परत येत नाही, असं तालुक्यात बोललं जाई. ते त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना आवडतही होतं.

त्या मंगळवारी साडेअकराच्या सुमारास समता गवई टपरीत शिरली. किसनराव गवईंची ही मुलगी नर्सिंग शिकून आली आणि डॉक्टर अन्नपूर्णाबाईंच्या प्रसूतिगृहात सहा वर्षं राबली. सलाइन तिनेच लावायचं आणि बाळंतपणंही तिनेच करायची. दुसरं कुणी नव्हतंच. पुढे बाईंनी वयामुळे दवाखाना बंद केला तेव्हा समताच्या अनुभवाचा दाखला माणिकरावांनीच टाइप केला होता. आता बुलढाण्याला नर्सच्या जागेवर तिची निवड झाली होती. कागदपत्रांची तपासणी तेवढी राहिली होती.

ती बसली नाही. दाखला टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, तुमी माह्या दोन बाया करून ठेवल्या."

"काय झालं?"

"हे वाचा."

माणिकरावांनी वाचलं. 'अवर हॉस्पिटल हॅड ए नर्स अँड ए मिडवाइफ, समता किसनराव गवई.' त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"तपासणीवाल्या बाई म्हणे, यात नर्स एक अन् मिडवाइफ दुसरी. नाव मिडवाइफच्या मांगं लागलं, म्हणजे तू मिडवाइफ. मंग नर्स कोन होती?"

"तूच होती."

"मले मालूम हाये, तुम्हाले मालूम हाये. कागदाले नाई मालूम. अन् जागा नर्सची हाये, पाच वर्सं नर्सचा अनुभव पायजे. आज चार वाजेलोक नवा दाखला नाई दिला, तं यादीतल्या पुढच्या पोरीले बलावतात."

"त्या बाईले इंग्रजी येते का पण?" माणिकरावांचा आवाज चढला. "ए तं लागतेच ना. बिना ए चं नाम कुठं असते?"

"मले त्यातलं समजत नाई. तुमी एकडाव मराठीत म्हणून पाहा."

"त्यात काय म्हणा लागते? दवाखान्यात एक नर्स..." माणिकराव थांबले. "अन् एक दाई होती."

त्यांच्याच तोंडून बाहेर पडलेलं वाक्य त्यांच्या कानाला खटकलं. त्यात सरळ सरळ दोन बाया उभ्या होत्या. एक इंजेक्शनच्या ट्रेपाशी, दुसरी आत, गरम पाण्याच्या पातेल्यापाशी. 'एक नर्स अन् दाई' म्हटलं की एकच उरत होती. ए म्हणजे एक, हे छत्तीस वर्षांत त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती नुसती टोपी होती.

समता अन्नपूर्णाबाईंना फोन लावायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी दवाखान्याची जुनी फाइल काढली. बाईंनी हाताने लिहून दिलेला कच्चा कागद सापडला. निळ्या शाईत बाईंनी नर्सच्या आधी ए लिहिला होता आणि मिडवाइफच्या आधी काहीच नव्हतं. तिथे दोन शब्दांच्या फटीत एक छोटा, ठसठशीत, लाल ए बसलेला होता.

समता आत आली तशी त्यांनी फाइल मिटली.

"काय हाये त्यात?"

"काई नाई. जुने कागद."

"बाई दोन वाजता संभाजीनगरले निघून राह्यल्या, डोये दाखवाले. त्याच्या आधी या म्हणे, सही करून देतो."

दवाखान्याच्या नावाचा छापील कागद फाइलीत एकच उरला होता. माणिकरावांनी कॉम्प्युटर सुरू केला, आणि पडदा उजळतो न उजळतो तोच लाइट गेली. समोरच्या झेरॉक्सवाल्याने तिकडूनच ओरडून सांगितलं की तारेचं काम आहे, तीनच्या आत येत नाही.

टाइपरायटर कोपऱ्यात मेणकापडाखाली होता. त्यांनी तो टेबलावर घेतला, रिबीन पुढे-मागे फिरवून रद्दीवर चार अक्षरं मारून पाहिली. फिकी होती, पण उमटत होती. मग त्यांनी तो एकुलता कागद रुळात चढवला आणि दोनदा काढून पुन्हा सरळ केला.

"काका, साडेबाराची गाडी हाये."

"बोलू नको."

ए हे अक्षर डाव्या करंगळीचं. छत्तीस वर्षं 'अँड' मारून अंगठ्याने जागा सोडली, की त्यांची करंगळी आपोआप खाली जायची. तिला विचारावं लागत नसे. आता ती बांधून ठेवावी म्हटलं तर समताच्या पूर्ण नावातच सात ए होते. त्यांनी नर्सपर्यंत टाइप केलं. 'अँड' केलं. अंगठ्याने जागा सोडली आणि दोन्ही हात उचलून छातीशी धरले. करंगळी वाकली होती. समता दाराच्या चौकटीला धरून त्यांच्या बोटांकडे पाहत होती. माणिकरावांनी उजव्या हाताने करंगळी मुठीत धरली, मग सोडली, आणि नुसत्या उजव्या हाताच्या एका बोटाने, शिकाऊ पोरासारखं शोधत शोधत मिडवाइफ हा शब्द टाइप केला.

कागद बाहेर काढल्यावर दोघांनी तो तीन वेळा वाचला. सुटा ए एकच होता, नर्सच्या आधीचा.

"मी येतो संगं," माणिकराव म्हणाले.

"तुमचं काय काम हाये आता?"

"हाये."

राजूरच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता. त्याच्यामागे गाडी अर्धा तास उभी राहिली. समता दर दोन मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघत होती. माणिकराव पिशवी मांडीवर धरून बसले होते. पिशवीत नवा दाखला होता, आणि समताला न सांगता घेतलेला तो कच्चा कागदही होता.

बुलढाण्यात बाईंच्या घरी पोचले तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. बाई साडी नेसून, चपला घालून बैठकीत बसल्या होत्या. सामान दाराशी आलं होतं. त्यांनी दाखला डोळ्यांजवळ धरला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"पहिला दाखला मीच लिहून दिला होता ना?"

"हो बाई," समता म्हणाली.

"मग माझीच चूक झाली म्हणायची. कमाल आहे. असं मी लिहीन असं वाटलं नव्हतं." त्यांनी कागद खाली ठेवला. "समता, माझा आता स्वतःवर भरवसा नाही गं. एकदा चुकले, यातही काही राहिलं असेल तर तुझंच नुकसान होईल. जावई रात्री तिकडे भेटतील, त्यांना दाखवून सही करते. उद्या पाठवते."

"बाई, उद्या नाई चालत. आज चार वाजता..."

"म्हणूनच म्हणते ना. चुकीच्या कागदावर पुन्हा सही करू का मी?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाई उठायला लागल्या. माणिकरावांनी पिशवीतून कच्चा कागद काढला आणि टीपॉयवर, दाखल्याच्या शेजारी ठेवला.

"बाई, तुमी नाई चुकल्या. निळा तुमचा हाये. लाल माहा हाये."

बाईंनी कागद उचलून उजेडात धरला. समताने माणिकरावांकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

"म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं?"

"हो बाई. मले वाटलं तुमचा राहून गेला."

"विचारलं नाही तुम्ही?"

"नाई."

बाई पुन्हा बसल्या. पर्समधून पेन काढलं, दाखला आणखी एकदा सावकाश वाचला आणि सही केली. तारीख घातली. पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या, "माणिकराव, माझे किती कागद केले असतील हो तुम्ही?"

"असतील दोन-अडीचशे."

तो कच्चा कागद घडी करून बाईंनी पर्समध्ये टाकला आणि गाडीकडे गेल्या.

तपासणीच्या खिडकीशी रांग होती. समताचा नंबर लागला तेव्हा पावणेचार होत आले होते. खिडकीतल्या बाईंनी नवा दाखला वाचला, ते वाक्य पेनाच्या टोकाने परत वाचलं, फिक्या अक्षरांकडे पाहून विचारलं, "टाइपरायटरवर केलं?"

"लाइट नव्हती," समता म्हणाली.

बाईंनी जुना दाखला शेजारी ठेवून सही ताडून पाहिली, शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना दाखवली. साहेबांनी मान हलवली. शिक्का बसला. "एकच बाई आहे आता," खिडकीतून आवाज आला. "जा, ऑर्डर पोस्टाने येईल."

जिन्यात आल्यावर समता थांबली. "तुमाले सकाळीच मालूम झालं होतं."

"हाव."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं मले टाइप करू देलं असतं का तू?"

समताने विचार केला. "नाई," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी न थांबता जिना उतरू लागली. खाली फाटकापाशी गेल्यावर मात्र तिने मागे वळून पाहिलं. "चला लवकर काका, पाचची गाडी भरून जाते."