हौदावरचा बैल

पाणी ओंजळीनं प्यायचं होतं. मामलेदारांनी तसंच सांगितलं होतं. मी चार पायांवर झालो.

कोणी सांगितलं नव्हतं. हे आधी लिही. कोणी सांगितलं नव्हतं, मीच झालो.

सरकारी दवाखान्याचा हौद. खुर्चीवर मामलेदार, बाजूला पाटील, तलाठी, कंपाउंडर, मागं अर्धं गाव. मी गुडघे टेकले, हात टेकले, डुरकलो, अन् हौदाच्या काठावर मान टाकून बैलासारखं पाणी ओढलं. धोतराचा सोगा मागं सोडला होता, शेपटी म्हणून. तो हलवला पण.

बठ्ठे हसले, झाडून सगळे. पाटलाला तर ठसका लागला.

"काय सोंगाड्या शे रे भो हा!"

मामलेदार रुमालानं डोळे पुसत होते. मी खूश. मला वाटलं, आपण जिंकलो.

माझं तोंडच असं आहे. कान सुपाएवढे, पाय काटकुळे. मयताला गेलो तरी लोक हसायचे. गावात लग्न असलं की मांडवाबाहेर मला उभं करायचे, उंट कर, तलाठी कर, रुसलेली नवरी कर. मी करायचो. मग उष्टं वाढायचे. आमच्या महारवाड्यात मी एकटाच असा, ज्याला गाव नावानं हाक मारायचं. मला त्याची मोठी ऐट होती. इतका मी गाढव.

मला अक्षर येत नाही. हे लिहून घेते ती माझी भाची. मुलींच्या शाळेत शिकवते. माझ्या अक्काची पोर. अक्काचंच सांगायचं आहे. पण मी बैलापासून सुरू केलं, कारण ते सोपं आहे. त्याला लोक अजून हसतात.

तर तो खेळ का झाला, ते सांगतो. आमच्या भागातून मुंबईच्या कौन्सिलात एक मेंबर निवडून गेले होते. त्यांनी तिथं उभं राहून सरकारला विचारलं, की गिरणेकाठच्या अमुक गावात सरकारी दवाखाना आहे, त्याच्या हौदाला महारांनी हात लावायचा नाही, महार रोगी भिंतीबाहेर लिंबाखाली बसवतात, हे खरं का? मुंबईहून कागद निघाला, कलेक्टराकडं आला, तिथून मामलेदाराकडं, तिथून पाटलाकडं. पाटलानं मला बोलावलं.

"तू पानी पी एकडाव. बठ्ठासमोर. आज कोनी आडवस नही तुले."

मेंबरनं विचारलेलं खरं होतं. त्या हौदावर डॉक्टरांची घोडी प्यायची. घोडीची जात कोणी विचारली नाही. आम्ही गिरणेच्या वाळूत झिरा उकरायचो अन् वाटीवाटीनं मडकं भरायचो. उन्हाळ्यात झिरा पण गढूळ, वास मारायचा.

प्यायलो. मग तलाठ्यानं एक लिहिलेला कागद पुढं केला. माझा अंगठा धरला, शाईत बुडवला, दाबला. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. उलट म्हटलं, "तात्या, अंगठा परत द्या, उद्या लागेल." पुन्हा हसले.

मामलेदारांचा टांगा निघून गेला. तो वळणाआड जायच्या आत हौदाचं बूच काढलं. बठ्ठं पाणी सोडून दिलं, गोमूत्र शिंपडलं, नारळाच्या काथ्यानं हौद घासला. मी तिथंच उभा. म्हटलं, "अरे, एवढं पाणी मी प्यायलोच नव्हतो!"

तेव्हा पण हसले.

घरी येऊन मी तोच खेळ महारवाड्याला करून दाखवला. पोरं लोळून हसली. अक्का चुलीपाशी बसली होती. ती नाही हसली. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, हिनंच वाढवलं. नवरा वारला तशी लेकीला घेऊन माझ्याकडं आली होती.

"तू पानी पिना, का सोंग करं रे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मंग आते मी जाऊ का तठे पानी भराले?"

मी मान हलवली, शेपटी हलवली, डुरकलो. तिच्या विचारण्याला मी हेच उत्तर दिलं.

त्यानंतरचा वैशाख. झिऱ्याचं पाणी हिरवं झालेलं. अक्काला पहाटेपासून जुलाब, उलट्या. ऊन चढेपर्यंत तिचे डोळे आत गेले. मी अन् शेजारचा नाना, आम्ही तिला बाजेवर घातलं अन् दवाखान्यात आणलं. दवाखान्यात म्हणजे भिंतीबाहेर, लिंबाखाली. सोबत आणलेलं पाणी वाटेतच संपलं होतं.

डॉक्टर नवे होते. लांबूनच पाहिलं त्यांनी, पण पाहिलं. पुडी पाठवली. म्हणाले, "पाणी पाजा. भरपूर. औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं." अन् आत गेले. पाणी कुठून पाजायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

हौद लिंबापासून चाळीस हात. भरलेला. उघड्या फाटकातून मला काठाशी हलणारं पाणी दिसत होतं.

अक्काच्या जिभेला कोरड पडलेली. म्हणाली, "माले तीस लागनी रे भो."

नानाला तिच्यापाशी बसवलं. मी मडकं घेऊन फाटकापर्यंत गेलो, अन् तिथून कंपाउंडरला हाक मारली. तो ओसरीत विडी ओढत होता.

"दादा, घोटभर ओता."

तो म्हणाला, "तू तर हातानं घेतोस. सरकारात तसं लिहून दिलंयस. मग घे ना, कोण अडवतंय?"

खरंच कोणी अडवत नव्हतं. हौदापाशी चार माणसं उभी होती, रोग्यांचे नातेवाईक. ती नुसती माझ्याकडं बघत होती. माझे पाय उचलले नाहीत. मारतील म्हणून भ्यालो असंही नाही. आजवर उचलले नव्हते, म्हणून उचलले नाहीत.

"दादा, बहीण आहे हो. ओता ना."

"ओततो," कंपाउंडर म्हणाला. "आधी ते बैलाचं दाखव. या लोकांनी पाहिलेलं नाही."

इथपर्यंत मी पुष्कळांना सांगितलं आहे. इथून पुढचं कोणाला सांगितलेलं नाही. नानानं पण कधी तोंड उघडलं नाही, तो आता नाही.

मी केलं.

फाटकात गुडघे टेकले. डुरकलो. सोगा सोडला, हलवला. ती चार माणसं हसली, आतून आणखी आली. कोणी म्हटलं, "फिरी एकडाव!" मी पुन्हा केलं. अन् दुसऱ्या वेळी, हे पण लिही, दुसऱ्या वेळी मी चांगलं केलं. नांगराला नको म्हणणारा बैल केला, बसकण मारणारा. तो नवीन होता. मला तिथंच सुचला. लोक हसायला लागले की माझ्यात काहीतरी चढतं. मी विसरलो. किती वेळ ते मला माहीत नाही, पण मडकं कशाला आणलं ते मी विसरलो.

मग कंपाउंडरनं उंचावरून पाणी ओतलं. काठोकाठ. मी सांडू नये म्हणून हळूहळू चालत आलो.

नाना उभा होता. अक्काची मान फाटकाकडं वळलेली. डोळे उघडे. तोंड उघडं.

तिनं पाहिलं होतं.

मी पाणी तिच्या तोंडात ओतलं. ते गालावरून बाजेवर गेलं, बाजेतून मातीत. आत ओसरीवर कोणीतरी अजून हसत होतं.

तेव्हापासून मला पाणी पिताना मान खाली घालता येत नाही. तांब्या वर धरून ओततो, अर्धं अंगावर सांडतं. लोकांना तो पण विनोद वाटतो. उन्हाळा लागला की दुपारी लिंबाकडून तिचा आवाज येतो. ती पाणी मागत नाही. ती तेच विचारते. मंग आते मी जाऊ का?

पावसाळ्यानंतर मेंबर स्वतः महारवाड्यात आले. हडकुळा माणूस, हातात छत्री, कोटाचं कोपर विरलेलं. जमिनीवर बसले अन् पाणी मागितलं. झिऱ्याचंच होतं. प्यायले. तोंड वाकडं झालं, ते त्यांनी लपवलं नाही.

मला म्हणाले, "भाऊ, तुम्हीच का ते?"

मला जन्मात कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे का.

त्यांनी खिशातून कागद काढून वाचला. सरकारचं उत्तर. सदर गावचा महार इसम सर्वांसमक्ष आनंदाने हौदाचे पाणी प्याला, तो ते नेहमी पितो, त्याची वा त्याच्या लोकांची काही तक्रार नाही, सोबत त्याचा जबाब व अंगठा.

"मी तिथं विचारलं होतं," मेंबर म्हणाले, "दवाखाना सरकारचा, पाणी सरकारचं, मग ही माणसं कोणाची? तर त्यांनी हे वाचलं. 'आनंदाने' म्हटल्यावर सभागृह हसलं. माझा प्रश्न तिथंच संपला."

म्हणजे मी मुंबईपर्यंत हसवलं होतं.

अक्काची पोर दारात उभी होती. त्यांनी विचारलं, हिची आई? मी म्हटलं, वारली. दवाखान्यात. ते म्हणाले, पाणी मिळालं नाही का? मी म्हटलं, मिळालं, उशिरा.

"का उशिरा?"

मी उठून मडक्यावर झाकण ठेवलं. ते थांबले. घाई केली नाही. मग ते उठले. म्हणाले, "मी पुन्हा विचारीन. पुन्हा चौकशी येईल. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

आली. मामलेदार दुसरा, खुर्ची तीच. हौद तोच. पाटलानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की नीट वाग, नाहीतर गावकीचं काम गेलं समज. लोक तर आधीच दात काढून उभे होते.

"पी," पाटील म्हणाला.

मी उभा राहिलो.

"पी ना रे. बैल रुसना का?"

हसले. अन् मला सांगायला लाज वाटते, माझे गुडघे वाकले. सवयीनं. थोडेसे वाकले. मग मला फाटकापलीकडं तो लिंब दिसला. मी गुडघे सरळ केले.

"मी पेत नही."

मामलेदार म्हणाले, "का? मनाई आहे का तुला?"

"आज नाही, सायेब. आज तुम्ही आहात. उद्या या. न सांगता या, माझ्या भाचीला मडकं देऊन पाठवतो, काय होतं ते बघा. मागच्या खेपेला मी प्यायलो, तर तुमचा टांगा दिसेनासा व्हायच्या आत हौद रिता करून धुतला. ते लिखा."

कोणी हसलं नाही. तलाठ्यानं कागद पुढं केला. आधीच लिहून आणलेला होता. माझा हात धरला.

"वाचा," मी म्हटलं.

"तुला काय कळतं वाचून?"

"वाचा."

त्यानं वाचलं नाही. मी अंगठा मुठीत घातला अन् मूठ आवळली. दोघांनी बोटं उकलायचा प्रयत्न केला. या करंगळीचं हाड तेव्हाच मोडलं. मूठ उकलली नाही.

पण 'उशीर का झाला' ते मी त्या दिवशी पण सांगितलं नाही. तेवढी छाती नव्हती.

त्यानं काही हौद खुला झाला नाही. माझं गावकीचं काम गेलं. लग्नाला बोलावणं बंद झालं. मुंबईत सरकार म्हणालं, माहिती गोळा करीत आहोत. अजून करतंय. ही पोर धुळ्याच्या बोर्डिंगात शिकून मास्तरीण झाली, तरी माहिती गोळा होतेच आहे. मेंबर म्हातारे झाले. त्यांचं कार्ड आलं, की मी पुन्हा विचारणार, या खेपेला तुमचं तुम्ही लिहून पाठवा. म्हणून हा कागद.

भाचीनं आत्ता बठ्ठं वाचून दाखवलं. फाटकातलं आलं तेव्हा थांबली. आपली आई कशी गेली, ते तिला आज कळलं. बराच वेळ माझ्याकडं बघितलं नाही तिनं. मी माफी मागितली नाही. मागून काय होणार?

मग ती म्हणाली, "मामा, हे बैलाचं काढू का? तिथं लोक हसतील."

नाही. ठेव. दोन्ही वेळचं ठेव. मला विचारलं होतं 'का उशिरा', त्याचं उत्तर तेच आहे. हौद खुला होत नाही तोवर जो विचारील त्याला मी हेच सांगणार, अन् त्या पाण्याला तोंड लावणार नाही. अन् मेंबरना खाली वेगळं लिही, की पहिल्या बैलाला सभागृह हसेल. हसू द्या. पुरतं हसून होऊ द्या. मग अक्काचं वाचा.

आता शाई आण.